मोकळ्या जागेचा हिशेब
(प्रस्तावना)

घरोघरी संगणक आल्यापासून दुरुस्ती करणाऱ्याच्या कानी ज्या तक्रारी वारंवार पडतात, त्यांत एक अशी आहे की ती सांगताना तक्रारदाराच्या स्वरात किंचित संकोच असतो. कारण यंत्र बंद पडले, पडदा काळा झाला, छपाई होत नाही, या गोष्टी चारचौघांत निःशंकपणे सांगता येतात, परंतु ‘काल रात्री सी ड्राइव्हवर वीस जीबी मोकळे होते, आज सकाळी चारच उरले, आणि मधल्या काळात घरातल्या कोणीही काहीही साठवलेले नाही’ असे म्हणताना आपल्यावर कोणी विश्वास ठेवील की नाही, ही शंका मनात डोकावल्यावाचून राहत नाही. प्रस्तुत पुस्तिका अशा तक्रारदारांसाठी सिद्ध झाली आहे, आणि आरंभीच हे सांगून टाकलेले बरे की त्यांचे म्हणणे बहुधा अक्षरशः खरे असते. घरच्या माणसांनी काही साठवलेले नसते. साठवणारा दुसराच असतो, आणि तो त्याच यंत्रात, रीतसर अधिकार घेऊन, ठाण मांडून बसलेला असतो.

या प्रकरणातला सारा घोळ दोन आकड्यांच्या तफावतीतून उद्भवतो. विंडोजची एनटीएफएस ही व्यवस्था डिस्कवरची जागा क्लस्टर नावाच्या ठराविक मापाच्या खणांत विभागते. एक खण सामान्यतः ४,०९६ बाइटचा असतो, आणि कोणता खण भरलेला व कोणता रिकामा याची नोंद एका स्वतंत्र नकाशात ठेवलेली असते. ‘मोकळी जागा अमुक’ असे पडद्यावर उमटते तो आकडा या नकाशातून येतो व तो सहसा चुकत नाही. दुसरा आकडा आपण स्वतः काढतो: ड्राइव्ह उघडावा, त्यातले सगळे फोल्डर निवडावेत आणि त्यांची बेरीज पाहावी, एवढीच त्याची रीत. ही बेरीज मात्र आपल्याला जे दिसते, आणि जे पाहण्याची आपल्याला मुभा आहे, तेवढ्याचीच असते. समजा, २२० जीबी वापरले गेले असे नकाशा सांगतो आणि आपली बेरीज १६५ वर अडते. मग मधले ५५ जीबी ‘नाहीसे’ झाले असे आपण म्हणू लागतो. वस्तुतः नाहीसे काहीच झालेले नसते. क्वचित वीज गेल्याने वा डिस्क जीर्ण झाल्याने नकाशाच बिघडतो, आणि त्याच्या दुरुस्तीसाठी चेकडिस्क नावाचा उपाय विंडोजमध्येच आहे. पण असे प्रसंग वगळले तर भरलेला प्रत्येक खण कोणाच्या ना कोणाच्या नावावर लागलेलाच असतो, आणि प्रश्न एवढाच उरतो की ते नाव आपल्याला वाचू दिले जाते की नाही.

एक किरकोळ वाद येथेच निकालात काढतो. १ टीबीची म्हणून विकत घेतलेली डिस्क विंडोजमध्ये ९३१ जीबी भरते, आणि ५०० जीबीची ४६५. यावरून दुकानदाराशी हुज्जत घालणारे सज्जन अजूनही भेटतात. डिस्कचे कारखानदार हजाराच्या पटीत मोजतात, विंडोज १,०२४ च्या पटीत मोजते आणि नाव मात्र तेच लावते, एवढाच त्यातला मतलब. १९९८ साली आंतरराष्ट्रीय विद्युततंत्र आयोगाने दुसऱ्या मापाला गिबीबाइट असे पृथक् नाव देऊन हा घोटाळा मिटवण्याचा यत्न केला, अ‍ॅपलने २००९ पासून आपल्या संगणकांत हजाराचेच माप धरले, विंडोजने मात्र जुनी वहिवाट सोडलेली नाही. ही तफावत पहिल्या दिवसापासून असते आणि वाढत नाही. सबब ज्याची जागा दिवसेंदिवस घटते आहे त्याने या वादात पडण्याचे प्रयोजन नाही.

डिस्कचा इतिहास या दृष्टीने मोठा बोधप्रद आहे. आयबीएमने १९५६ साली बाजारात आणलेल्या रामॅक यंत्राबरोबरच्या साठवण-विभागात चोवीस इंच व्यासाच्या पन्नास तबकड्या होत्या, त्याचे वजन सुमारे एक टन होते, आणि त्यात पन्नास लाख अक्षरे मावत; आजच्या फोनने काढलेले एखादे छायाचित्रही कधी कधी त्यात बसणार नाही. त्याच आयबीएमच्या १९८३ च्या ‘एक्सटी’ या वैयक्तिक संगणकात १० एमबीची डिस्क असे. या दोन यंत्रांत आकाराचे अंतर प्रचंड असले तरी एक गोष्ट समान होती, ती अशी की डिस्कवर जे काही होते ते कोणा तरी माणसाने तेथे ठेवलेले होते आणि त्याला ते नावानिशी ठाऊक होते. १० एमबीच्या धन्याला आपली प्रत्येक फाईल ओळखता येई. पुढे डिस्क स्वस्त झाल्या, तसतशी यंत्राच्या कार्यप्रणालीने त्यावर स्वतःच्या कामासाठी लिहिण्याची सवय लावून घेतली: आज संकट आले तर उद्या उपयोगी पडावे म्हणून जुन्या प्रती, पुढच्या वेळी लवकर उघडावे म्हणून तात्पुरत्या नकला, काय काय घडले याची रोजनिशी, शोध जलद व्हावा म्हणून सूची. या सर्वांमागचा हेतू सद्हेतूच आहे, हे मला मान्य आहे. आक्षेप आहे तो एवढाच की या खर्चाचा तपशील धन्यापुढे आपण होऊन मांडण्याची पद्धत निर्मात्यांनी पाडली नाही. उलट कित्येक ठिकाणी तो त्याच्या नजरेआड राहावा अशीच तजवीज केली.

फाईल पुसणे म्हणजे नेमके काय, याविषयीही सर्वसाधारण समजूत चुकीची आहे, आणि ती दुरुस्त करण्यास आपल्या महसुली दफ्तराचा दाखला बरा पडेल. गावच्या दफ्तरात एखाद्या खातेदाराचे नाव कमी करून जमीन पड लावावी, आणि शेतात मात्र पूर्वीचे पीक तसेच उभे असावे, असा तो व्यवहार आहे: नोंद बदलते, जमीन जागच्या जागी असते, आणि दुसरा कोणी येऊन नांगर धरीपर्यंत जुने पीकही शाबूत राहते. रिसायकल बिनमध्ये टाकलेल्या फाईलची तर नोंदही कमी झालेली नसते; खाते फक्त दुसऱ्या पानावर गेलेले असते, आणि प्रत्येक ड्राइव्हला व त्या यंत्रावरील प्रत्येक वापरकर्त्याला असे स्वतंत्र पान असल्यामुळे आपले बिन रिकामे करून जागा वाढली नाही म्हणून चकित होणाऱ्याने घरातल्या इतरांची पानेही पाहावीत. लिनक्सवर तिसराच प्रकार घडतो. तेथे उघड्या असलेल्या फाईलचे नाव पुसता येते, परंतु ती वापरणारा प्रोग्राम जोवर तिला सोडत नाही तोवर जमिनीवरचा कब्जा कायम राहतो. त्यामुळे ‘डीयू’ या आज्ञेची बेरीज आणि ‘डीएफ’चा नकाशा यांत अनेक जीबींचे अंतर पडते, आणि तो प्रोग्राम बंद केला की क्षणार्धात ते मिटते.

याच दफ्तराच्या आधाराने विंडोजमधल्या एका फोल्डरवरचा जुना आळही दूर करता येईल. ‘विनएसएक्सएस’ या नावाचा हा फोल्डर उघडून पाहावा तर दहा-बारा जीबी सहज भरतो, आणि म्हणून चोर सापडला असे समजून तो हाताने पुसण्याचा मोह अनेकांना झाला आहे. व्हिस्टापासून विंडोजच्या घटकभागांच्या मूळ प्रती या फोल्डरात राहतात, आणि ‘सिस्टम३२’ इत्यादी ठिकाणी ज्या फाईली दिसतात त्यांतल्या बऱ्याचशा स्वतंत्र नसून त्याच प्रतींची दुसरी नावे असतात. एकच जमीन दोन खात्यांत लागलेली असावी आणि क्षेत्र काढणाऱ्याने खात्यांवरून बेरीज करावी, म्हणजे गाव आहे त्याहून मोठे भरते. तसे येथे होते. दिसणारा आकार हा प्रत्यक्ष व्यापलेल्या जागेहून बराच अधिक असतो. खरा आकार सांगणारी आणि कालबाह्य प्रती रीतसर काढून टाकणारी ‘डिझम’ नावाची सोय विंडोजमध्येच आहे, आणि तिच्यावाचून या फोल्डरला हात लावणे म्हणजे यंत्र पुन्हा सुरू होणार नाही अशी पायाभरणी करणे होय.

आता जे खरोखर जागा अडवतात त्यांच्याकडे वळू. ‘पेजफाइल’ ही रॅम अपुरी पडली असता तिचा भार उचलते आणि गरजेनुसार फुगते. ‘हायबरफिल’ ही यंत्र निद्रिस्त करताना रॅममधला मजकूर जपून ठेवण्यासाठी आधीच अडवून ठेवलेली जागा असून विंडोज १० मध्ये तिचा आकार सामान्यतः रॅमच्या दोन पंचमांश असतो. १६ जीबी रॅमच्या यंत्रात सहा जीबींहून अधिक एवढ्यानेच खर्ची पडतात. २०१९ च्या मे महिन्यातील आवृत्तीपासून विंडोज नव्या यंत्रांवर पुढील अद्ययावतीकरणासाठी म्हणून सुमारे ७ जीबी राखून ठेवू लागले. मोठी आवृत्ती बदलली की जुने सारे विंडोज ‘विंडोज डॉट ओल्ड’ या फोल्डरात जाऊन बसते. मागे फिरण्याची मुदत दहा दिवसांची, आणि ती संपली की ते आपोआप जाते, म्हणून अद्ययावतीकरणाच्या दुसऱ्या दिवशी कासावीस होऊन यंत्र दुकानात नेण्याचे कारण नाही. परंतु या सर्वांत जो खरा पडदानशीन आहे तो ‘सिस्टम व्हॉल्यूम इन्फर्मेशन’ नावाचा फोल्डर. यंत्राच्या पूर्वस्थितीच्या छायाप्रती, ज्यांना आपण रिस्टोअर पॉइंट म्हणून ओळखतो, त्या येथे राहतात. आणि ज्याने पैसे मोजून यंत्र घेतले, ज्याच्या नावापुढे ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ ही पदवी लागलेली आहे, त्यालाही तो उघडू गेल्यास प्रवेश नाकारला जातो आणि त्याच्या बेरजेत हा फोल्डर शून्य म्हणून धरला जातो. वर ज्या ५५ जीबींचे उदाहरण घेतले त्यांतला मोठा वाटा येथे सापडण्याचा संभव दांडगा. छायाप्रतींनी किती जागा घ्यावी याची मर्यादा ‘सिस्टम प्रोटेक्शन’च्या पानावर ठरवता येते, आणि ती ठरवावी, सगळ्या प्रती सरसकट बंद कराव्यात असे मात्र पुस्तिकेत सुचवलेले नाही, व माझेही मत तसेच आहे.

हे झाले नेमस्त रहिवासी. ते जागा घेतात, पण कोठे तरी थांबतात. ज्याची मोकळी जागा रोज, तासागणिक, न थांबता घटते त्याचा शोध वेगळ्या दिशेने करावा लागतो, आणि त्याचे माझ्या मते सर्वांत उद्बोधक उदाहरण विंडोज ७ च्या काळातले आहे. विंडोजचे घटक बसवणारा विभाग आपल्या कामाची रोजनिशी ‘सीबीएस’ नावाच्या फाईलीत लिहितो. ती ठराविक मर्यादेपर्यंत वाढली की तिचे नाव बदलून जुनी म्हणून बाजूला ठेवायची आणि ‘मेककॅब’ या प्रोग्रामकडून ती दाबून लहान करून घ्यायची, असा शिरस्ता. पण काही यंत्रांवर ही रोजनिशी वेळेवर बाजूला न निघता २ जीबींच्या वर गेली, आणि मेककॅब ज्या पद्धतीच्या गठ्ठ्यात ती बांधू पाहत होता त्या पद्धतीची कमाल मर्यादाच २ जीबींची. परिणामी काम अर्ध्यावर फसे, अर्धवट बांधलेला गठ्ठा ‘विंडोज’मधल्या ‘टेम्प’ फोल्डरात तसाच पडून राही, आणि काम पुरे झाले नाही हे ध्यानी येताच तोच प्रोग्राम पुन्हा पहिल्यापासून तेच काम आरंभी. पुन्हा अपयश, पुन्हा नवा गठ्ठा. धन्याने टेम्प फोल्डर साफ करावा, हायसे वाटावे, आणि काही दिवसांत डिस्क पुन्हा काठोकाठ भरावी, असे चक्र चाले. उपाय साधा होता: ती अजस्र जुनी रोजनिशीच काढून टाकायची, म्हणजे दाबण्याजोगे काही उरतच नसे. परंतु तो साधा उपाय त्यालाच सुचे, ज्याने गठ्ठे पुसण्याच्या आधी क्षणभर थांबून, हे गठ्ठे बांधतो कोण आणि कशापासून, एवढे विचारले. या पुस्तिकेत जी पद्धत प्रतिपादिली आहे तिचे सार या एका प्रकरणात आले आहे, आणि घटत्या जागेच्या तक्रारीवर ‘काहीतरी पुसा’ हे उत्तर मला का अपुरे वाटते तेही यावरून कळेल. आपली लग्नकार्याची छायाचित्रे पुसून जो त्या मेककॅबला वाट करून देईल, त्याची छायाचित्रेही जातील आणि जागाही जाईल.

शोधाचे साधन कोणते? येथे एका विद्वानाचा ऋणनिर्देश आवश्यक आहे. अमेरिकेतील मेरीलँड विद्यापीठात बेन श्नायडरमन यांच्या प्रयोगशाळेत १९९० साली ८० एमबीची एक डिस्क होती आणि ती चौदा जण मिळून वापरत. ती भरली म्हणजे कोणी कोठे किती अडवले आहे हे फोल्डरांच्या याद्या वाचून कळेना. तेव्हा त्यांनी सारी डिस्क हा एक आयत मानला, प्रत्येक फोल्डर हा त्यातला लहान आयत, त्यातल्या फाईली त्याहून लहान, आणि प्रत्येकाचे क्षेत्रफळ त्याने व्यापलेल्या जागेच्या प्रमाणात. ‘ट्रीमॅप’ म्हणून प्रसिद्ध झालेली ही आकृती पुढे शेअर बाजारापासून जनगणनेपर्यंत सर्वत्र वापरली गेली, परंतु तिचा जन्म भरलेल्या डिस्कच्या वैतागातून झाला हे फार थोड्यांना ठाऊक असते. विंडोजवरचा ‘विनडिरस्टॅट’ हा विनामूल्य प्रोग्राम हीच आकृती काढतो. ‘विझट्री’ तेच काम डिस्कची मूळ नोंदवही थेट वाचून अत्यल्प वेळात करतो. दोन्ही अ‍ॅडमिनिस्ट्रेटरच्या अधिकाराने चालवावेत, नाहीतर जे आपल्याला दिसत नाही ते त्यांनाही दिसणार नाही. विनडिरस्टॅटमध्ये ‘अज्ञात’ जागा दाखवण्याची एक सोय आहे. नकाशाचा आकडा आणि बेरजेचा आकडा यांतली तफावत ती उघडपणे मांडते, आणि माझ्या मते साऱ्या तपासाचा प्रारंभ त्या ओळीपासून व्हावा. ती ओळ लहान असेल तर दोषी आपल्या दृष्टीच्या टप्प्यात आहे. मोठी असेल तर छायाप्रतींकडे वळावे.

आपल्याकडच्या घरांत मात्र दोषी पुष्कळदा दृष्टीच्या टप्प्यातच असतो, आणि त्याला कारण आपलीच एक वहिवाट आहे. संगणक जोडून देणारे दुकानदार डिस्कचे सी व डी असे दोन भाग पाडून देतात. सी लहान, डी मोठा, आणि ‘सगळे सामान डीवर ठेवा’ असा तोंडी उपदेश. परंतु डेस्कटॉप, डाउनलोड्स, डॉक्युमेंट्स ही सारी ठिकाणे मुळात सीवरच असतात. प्रत्येक वापरकर्त्याच्या नावाने असलेला ‘अ‍ॅपडेटा’ नावाचा लपलेला फोल्डरही तेथेच, आणि त्यात ब्राउझरच्या तात्पुरत्या नकलांपासून आयफोनच्या संपूर्ण बॅकअपपर्यंत काय वाटेल ते साठत जाते. घरात तीन आयफोन असतील आणि प्रत्येकाचा बॅकअप एकाच यंत्रावर निघत असेल, तर दुसऱ्या कोणत्या चोराचा शोध घेण्याची गरज नाही. डी ओस पडलेला आणि सी गुदमरलेला, हे दृश्य इतके सार्वत्रिक आहे की पुस्तिकेतील सर्वांत मोठे प्रकरण त्याला दिले गेले, हे मला उचित वाटते.

मॅकविषयी पुस्तिकेत थोडकेच आहे. २०१७ पासूनच्या एपीएफएस व्यवस्थेत टाइम मशीन दर तासाला यंत्रावरच एक छायाप्रत ठेवते व ती सुमारे एक दिवस राखते. त्यामुळे मोठी फाईल पुसूनही मोकळी जागा लगेच वाढलेली दिसत नाही, आणि दुसऱ्या दिवशी काही न करता वाढते. लिनक्सवर एक्स्ट४ व्यवस्था मुळात पाच टक्के जागा केवळ रूट या मुख्य वापरकर्त्यासाठी राखून ठेवते, एवढे लक्षात असले म्हणजे पुरे.

राहता राहिली ‘एका कळीत संगणक स्वच्छ’ करून देण्याची ग्वाही देणाऱ्या प्रोग्रामांची गोष्ट. त्यांतले बहुतेक जे करतात ते विंडोजमधली ‘स्टोरेज सेन्स’ ही सोय फुकट करते; आणि रजिस्ट्रीची जी सफाई ते मोठ्या अभिमानाने मिरवतात तिने मोकळ्या होणाऱ्या जागेत एखादे छायाचित्रही धड मावणार नाही. विषाणूची शंका घ्यावी, तपासणीही करावी, पण ती पहिली शंका असू नये. बहुतेक प्रकरणांत हा आळ निष्कारण घेतला जातो.

वाचकांना माझी विनंती एवढीच आहे की पुस्तिकेतला कोणताही उपाय करण्यापूर्वी एका कागदावर तारीख, वेळ आणि मोकळ्या जागेचा आकडा लिहून ठेवावा, प्रत्येक उपायानंतर तो पुन्हा लिहावा, आणि एका वेळी एकच उपाय करावा. त्याआधी आपल्या छायाचित्रांची व कागदपत्रांची एक प्रत काढून ठेवणे अगत्याचे आहे, कारण हल्लीच्या एसएसडी डिस्कवर पुसलेली फाईल बहुधा परत मिळत नाही. ही प्रत डी ड्राइव्हवर ठेवू नये. सी आणि डी हे आपल्या बहुतेक यंत्रांत एकाच डिस्कचे दोन भाग असतात, म्हणून ती बाहेरच्या स्वतंत्र डिस्कवरच घ्यावी.